सेल्फ एम्प्लॉइड लोकांसाठी इन्कम टॅक्स आणि व्हॅटचा शनिवारचा कोर्स : केलाय, सांगते कसा आहे

यूकेत सोल ट्रेडर म्हणून काम करणाऱ्या किंवा नोकरी सोडून तसं करायच्या विचारात असलेल्या आपल्या लोकांसाठी लिहितेय. मी बिल्डर आणि आर्किटेक्ट लोकांना कॅड ड्रॉइंग करून देते, लिमिटेड कंपनी वगैरे काढलेली नाही, स्वतःच्या नावावरच काम चालतं. आमच्या भागातल्या अडल्ट एज्युकेशन सेंटरमध्ये हा कोर्स असतो, चार शनिवार, सकाळी दहा ते एक, फी ७० पाउंड, शिकवायला एक रिटायर्ड अकाउंटंट. सेंटरचं नाव देत नाही, कारण असे कोर्स बऱ्याच ठिकाणी असतात आणि खाली मी तक्रारीही लिहिल्यात. रेटिंग म्हणाल तर पाचपैकी साडेचार, आणि ते अर्धं का कापलं तेही सांगते.

वर्गात पंधराएक जण असू. प्लंबर, हेअरड्रेसर, ड्रायव्हिंग शिकवणारे, एक भाषांतरकार, एक फोटोग्राफर. ही मिसळ फार उपयोगाची ठरली कारण तोच नियम प्रत्येकाला वेगळा लागतो आणि दुसऱ्याचं गणित ऐकताना आपलं आपोआप कळतं.

पहिल्या शनिवारी सरांनी प्रस्तावना वगैरे काही केली नाही, सरळ फळ्यावर एक इनव्हॉइस लिहिलं. कामाचे १,००० पाउंड, त्यावर २० टक्के व्हॅट म्हणजे २००, एकूण १,२००. क्लायंटने १,२०० बँकेत टाकले, तर तुमची कमाई किती झाली? अर्ध्या वर्गाने १,२०० सांगितले. सर म्हणाले, कमाई १,००० आणि उरलेले २०० सरकारचे, ते फक्त तुमच्या खात्यात थांबलेत. मग त्यांनी त्याच तिमाहीत एक लॅपटॉप घेतला, ६०० पाउंडचा, त्यात व्हॅट १००. आता व्हॅट रिटर्नमध्ये पहिल्या बॉक्समध्ये २००, चौथ्यात १००, पाचव्यात फरक १००, तो भरायचा. सहाव्यात विक्री व्हॅट सोडून १,०००, सातव्यात खरेदी व्हॅट सोडून ५००. एवढं झाल्यावर फळ्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागात तेच इनव्हॉइस इन्कम टॅक्ससाठी परत मांडलं. उत्पन्न १,०००, खर्च ५००, नफा ५००. इथे व्हॅटचा एक पेनीसुद्धा कुठे येत नाही.

मला वाटतं सगळ्या कोर्सचा जीव या एका फळ्यात आहे. इन्कम टॅक्स लागतो नफ्यावर, वर्षातून एकदा हिशेब, आणि तो माणसावर असतो, म्हणजे तुमचं नोकरीचं, घरभाड्याचं सगळं उत्पन्न एकत्र करून. व्हॅट लागतो विक्रीवर, बहुतेकांचा दर तीन महिन्यांनी, आणि त्याला तुमच्या नफ्यातोट्याशी काही घेणंदेणं नाही. वर्षभर तोट्यात असलेला माणूससुद्धा व्हॅट देणं लागू शकतो. हे दोन हिशेब एकाच वहीत पण दोन वेगळ्या रकान्यांत चालतात हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे सगळे नियम आपापल्या जागी जाऊन बसतात. आपल्याकडे जीएसटी ज्याने हाताळलाय त्याला व्हॅटचा भाग पटकन कळेल, इनपुट क्रेडिटची कल्पना तीच आहे.

दुसरा शनिवार पूर्ण इन्कम टॅक्स आणि नॅशनल इन्शुरन्सला, म्हणजे पेन्शन आणि सरकारी लाभांसाठीच्या वर्गणीला. इथलं टॅक्सचं वर्ष ६ एप्रिल ते ५ एप्रिल. काम सुरू केलंत आणि त्या टॅक्स वर्षात धंद्याची एकूण आवक १,००० पाउंडच्या वर गेली तर वर्ष संपल्यानंतरच्या ५ ऑक्टोबरपर्यंत सेल्फ असेसमेंटसाठी, म्हणजे आपणच रिटर्न भरून टॅक्स कळवायच्या पद्धतीसाठी, नाव नोंदवायचं, मग यूटीआर हा दहा आकडी करदाता नंबर मिळतो, आणि ऑनलाइन रिटर्न आणि पैसे दोन्ही ३१ जानेवारीपर्यंत. हे सगळं वेबसाइटवर वाचायला मिळतंच, पण सरांनी एक उदाहरण पूर्ण सोडवून घेतलं ते फार महत्त्वाचं, म्हणून इथे देते.

समजा वर्षाचा नफा ४०,००० पाउंड, दुसरं काही उत्पन्न नाही. पहिले १२,५७० टॅक्समुक्त. उरले २७,४३०. त्यावर २० टक्के म्हणजे ५,४८६ इन्कम टॅक्स. त्याच २७,४३० वर क्लास फोर नॅशनल इन्शुरन्स (सेल्फ एम्प्लॉइड लोकांच्या नफ्यावर लागतो तो) ६ टक्के, १,६४५ पाउंड ८० पेन्स. बेरीज ७,१३१ पाउंड ८० पेन्स. इथपर्यंत सगळे खुश. मग सर म्हणाले, आता पहिल्याच वर्षी ३१ जानेवारीला किती भरायचेत? सगळे म्हणाले ७,१३१. नाही. बिल १,००० पाउंडच्या वर असेल आणि टॅक्सचा बहुतेक भाग आधीच कापला गेलेला नसेल तर पुढच्या वर्षाचा आगाऊ हप्ता, म्हणजे याच बिलाच्या निम्मे ३,५६५ पाउंड ९० पेन्स, त्याच दिवशी द्यायचे. एकूण १०,६९७ पाउंड ७० पेन्स. आणि ३१ जुलैला परत ३,५६५ पाउंड ९० पेन्स. याला पेमेंट्स ऑन अकाउंट म्हणतात. वर्गात एकदम शांतता, ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या दादांनी तर लगेच फोनचा कॅल्क्युलेटर काढला. हा काही दंड नाही किंवा जादा टॅक्सही नाही, पुढच्या वर्षी वळता होतोच, आणि पुढचं वर्ष वाईट जाणार हे दिसत असेल तर हप्ता कमी करायचा अर्जही करता येतो, पण पहिल्या जानेवारीत दीडपट रक्कम लागते हे आधी कोणी सांगितलं नाही तर माणूस कर्जात जातो. माझ्या मते ७० पाउंड फी इथेच वसूल झाली. सरांचा सल्ला असा की प्रत्येक पेमेंट आलं की टॅक्सचा भाग त्याच दिवशी वेगळ्या सेव्हिंग खात्यात टाकायचा, आणि व्हॅट असेल तर तो अख्खा वेगळा. साधी गोष्ट आहे पण कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा जास्त उपयोगी.

नफा ५०,२७० च्या वर गेला की वरच्या भागावर टॅक्स ४० टक्के आणि क्लास फोर २ टक्के. एक लाखाच्या वर गेलं की टॅक्समुक्त रक्कम दर २ पाउंडला १ अशी कमी होत जाते. हे इंग्लंड, वेल्स आणि नॉर्दर्न आयर्लंडचं, स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्यांचे इन्कम टॅक्सचे टप्पे वेगळे आहेत, नॅशनल इन्शुरन्स मात्र तोच.

खर्चाचा भाग मला सगळ्यात जास्त आवडला. नियम एका ओळीचा आहे, खर्च पूर्णपणे आणि फक्त धंद्यासाठी झालेला हवा, पण तो लागू करताना सगळे अडखळतात. फोटोग्राफर बाईंनी विचारलं की लग्नाच्या कामाला काळे कपडे लागतात, एरवी घालत नाही, ते धरता येतील का. त्यावर सरांनी मॅलल्यू विरुद्ध ड्रमंड ही १९८३ ची केस सांगितली. बॅरिस्टर बाईंनी कोर्टात घालायच्या काळ्या कपड्यांचा खर्च मागितला होता, त्या एरवी तसले कपडे वापरतही नव्हत्या, तरी हाउस ऑफ लॉर्ड्सने नाकारला, कारण कपडे ऊब आणि अंग झाकायलाही लागतात, म्हणजे हेतू फक्त धंद्याचा उरत नाही. मग काय चालतं? सेफ्टी बूट, हेल्मेट, कंपनीच्या नावाचा युनिफॉर्म. नियम नुसता पाठ करण्यापेक्षा ही एक केस ऐकली की पुढच्या दहा प्रश्नांची उत्तरं आपली आपण देता येतात. बाकी घरून काम करणाऱ्यांसाठी महिन्याचे ठरावीक दर आहेत, २५ ते ५० तासांना १० पाउंड, १०० पर्यंत १८, त्याच्या वर २६. ज्यांचं घरभाडं आणि वीजबिल मोठं आहे त्यांनी प्रत्यक्ष खर्चाचा योग्य हिस्सा काढून बघावा, बऱ्याचदा तो जास्त निघतो. आणि २०२४-२५ पासून हिशेब कॅश बेसिसवर हाच मूळ नियम झालाय, म्हणजे पैसे हातात आले तेव्हा उत्पन्न आणि दिले तेव्हा खर्च, त्यामुळे उशिरा पैसे देणाऱ्या क्लायंटचा टॅक्स आपल्याला आधी भरावा लागत नाही.

तिसरा शनिवार व्हॅट. खरं सांगायचं तर मी याचसाठी गेले होते.

नोंदणीची मर्यादा १ एप्रिल २०२४ पासून ९०,००० पाउंड आहे, आणि ती टॅक्स वर्षावर नाही तर मागच्या कुठल्याही १२ महिन्यांवर मोजायची, म्हणजे दर महिनाअखेरीला मागे वळून बेरीज करायची. जुलैच्या मध्यावर ओलांडली तर ३० ऑगस्टपर्यंत कळवायचं आणि १ सप्टेंबरपासून तुम्ही व्हॅटवाले. आणि ही बेरीज नफ्याची नाही, विक्रीची आहे, हे सरांनी निदान चार वेळा सांगितलं असेल.

मर्यादेच्या खाली असूनही स्वतःहून नोंदणी करावी का, यावर तासभर चर्चा झाली आणि तिथे वर्गातल्या त्या मिसळीचा खरा फायदा झाला. हेअरड्रेसरचं गिऱ्हाईक म्हणजे साधी माणसं, त्यांना व्हॅट परत मिळत नाही, त्यामुळे नोंदणी केली की एकतर भाव २० टक्के चढवा नाहीतर तेवढाच भाव ठेवून स्वतःच्या खिशातून द्या. तेवढ्याच भावात सरकारचा वाटा एकूण रकमेचा सहावा भाग होतो, ६० पाउंडच्या कटमधले १० गेले. माझे क्लायंट सगळे व्हॅट नोंदणीवाले बिल्डर आणि ऑफिसेस, त्यांना मी लावलेला व्हॅट परत मिळतो, त्यांना काही फरकच पडत नाही, आणि मला माझ्या सॉफ्टवेअरवरचा, मॉनिटरवरचा व्हॅट परत मागता येतो. नोंदणीआधी घेतलेल्या आणि अजून वापरात असलेल्या वस्तूंचा चार वर्षांपर्यंतचा आणि सर्व्हिसेसचा सहा महिन्यांपर्यंतचा व्हॅटही मागता येतो. म्हणजे नोंदणी करावी का या प्रश्नाचं उत्तर तुमच्या कमाईपेक्षा तुमचं गिऱ्हाईक कोण आहे यावर जास्त अवलंबून आहे. हे इतकं स्वच्छ मला आधी कुठे वाचायला मिळालं नव्हतं.

कॉन्ट्रॅक्टबद्दलही एक गोष्ट नीट लिहून ठेवा. नोंदणी असताना भावात 'प्लस व्हॅट' असं लिहिलेलं नसेल तर ठरलेली रक्कम व्हॅट धरूनच मानली जाते. १,२०० ला काम घेतलं आणि लिहायचं राहिलं तर त्यातले २०० सरकारचे. आणि व्हॅटचा नोंदणी नंबर यायच्या आधी इनव्हॉइसवर व्हॅट दाखवता येत नाही, त्या मधल्या काळात भाव तेवढा वाढवून लावायचा आणि नंबर आला की नवीन इनव्हॉइस द्यायचं, पण हे क्लायंटला आधी सांगून ठेवायचं.

मग फ्लॅट रेट स्कीम, म्हणजे खरेदीवरचा व्हॅट वजा न करता व्हॅटसकट उलाढालीचा ठरावीक टक्का भरायची पद्धत. आपल्या आयटीवाल्या मंडळींत अजून जुनी माहिती फिरते की फ्लॅट रेट घ्या, मजा आहे. सरांनी आकडे मांडले. आर्किटेक्ट, इंजिनिअर, आयटी कन्सल्टंट यांचा दर १४.५ टक्के आहे खरा, पण १ एप्रिल २०१७ पासून लिमिटेड कॉस्ट ट्रेडर नावाचा नियम आला. तुमचा वस्तूंवरचा खर्च व्हॅटसकट उलाढालीच्या २ टक्क्यांपेक्षा कमी किंवा वर्षाला १,००० पाउंडपेक्षा कमी असेल तर दर सरळ १६.५ टक्के. आणि तो लागतो व्हॅटसकट रकमेवर. १,२०० चे १६.५ टक्के म्हणजे १९८. गिऱ्हाइकाकडून २०० घेतले, १९८ भरले, हातात उरले २ पाउंड, आणि वर खरेदीवरचा व्हॅट सहसा मागता येत नाही. वस्तूंमध्ये सॉफ्टवेअरचं ऑनलाइन सबस्क्रिप्शन धरत नाहीत, लॅपटॉपसारखी भांडवली वस्तू धरत नाहीत, प्रवास धरत नाहीत. मग माझ्यासारखीला उरतो काय तर प्रिंटरचा कागद आणि शाई. पहिल्या वर्षी दरात १ टक्का सूट असते तेवढाच काय तो आधार. डोक्याने आणि कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या बहुतेकांसाठी साधी पद्धतच बरी, असं माझं या कोर्सनंतर पक्कं मत झालंय.

भारतातल्या कंपनीसाठी इथे बसून काम करणारे बरेच आहेत म्हणून हे पण. गिऱ्हाईक परदेशातला धंदा असेल तर बहुतेक सर्व्हिसेससाठी पुरवठ्याची जागा त्याच्या देशात धरतात, म्हणजे त्या बिलावर यूकेचा व्हॅट नाही, आणि ती रक्कम ९०,००० च्या मोजणीतही येत नाही. इन्कम टॅक्सला मात्र ती पूर्ण येते! मी हा प्रश्न मुद्दाम विचारला होता आणि सरांनी घाईघाईत न उडवता नीट दहा मिनिटं दिली, त्याबद्दल त्यांचं खरंच कौतुक.

आता तक्रारी. छापील नोट्स जुन्या. त्यात व्हॅटची मर्यादा ८५,००० आणि क्लास फोर ९ टक्के छापलेलं होतं, सरांनी पहिल्याच तासाला सगळ्यांकडून पेनाने खोडून ९०,००० आणि ६ टक्के लिहून घेतलं. क्लास टूचं, म्हणजे सेल्फ एम्प्लॉइड लोकांच्या दुसऱ्या, ठरावीक रकमेच्या नॅशनल इन्शुरन्सचं, अख्खं पान तसंच जुनं, आता तो सक्तीने भरावा लागत नाही, नफा ठरावीक रकमेच्या वर असेल तर भरल्यासारखाच धरतात. सर होते म्हणून निभावलं, पण एखाद्याचा तो शनिवार चुकला आणि तो नुसत्या नोट्सवर विसंबला तर? टॅक्सच्या कोर्समध्ये जुने आकडे ही क्षुल्लक गोष्ट नाही, सेंटरने दर एप्रिलला नोट्स नव्याने छापायलाच हव्यात. मी फीडबॅकमध्ये लिहिलंय.

दुसरं म्हणजे सीआयएस, बांधकामवाल्यांची कन्स्ट्रक्शन इंडस्ट्री स्कीम, अर्ध्या तासात गुंडाळली. नोंदणी असेल तर २० टक्के, नसेल तर ३० टक्के आधीच कापतात आणि ते रिटर्नमध्ये वळते करून घ्यायचे, एवढंच सांगितलं. प्लंबरदादांना स्लिपा कशा जुळवायच्या हे हवं होतं ते राहिलंच. उलट आयआर ३५ वर जवळजवळ तासभर गेला, जो नियम मुळात लिमिटेड कंपनीसारख्या मधल्या संस्थेतून काम करणाऱ्यांसाठी आहे आणि आमच्या वर्गात तसं कोणी नव्हतं.

तिसरं, मेकिंग टॅक्स डिजिटल. ६ एप्रिल २०२६ पासून ज्यांची धंदा आणि घरभाड्याची एकूण आवक ५०,००० च्या वर आहे त्यांना सॉफ्टवेअरमध्ये नोंदी ठेवून दर तिमाहीला माहिती पाठवायची आहे, एप्रिल २०२७ पासून ३०,००० च्या वर, एप्रिल २०२८ पासून २०,००० च्या वर. इथेही आवक म्हणजे खर्च वजा करायच्या आधीची रक्कम, त्यामुळे आपला नफा तर कमी आहे म्हणून निवांत राहणारे बरेच जण यात येणार. एवढा मोठा बदल आणि चौथ्या शनिवारी नुसत्या स्लाइड दाखवल्या. कॉम्प्युटर लॅब शेजारच्याच खोलीत होती, एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये खोटी तिमाही भरून दाखवायला काय हरकत होती. ते अर्धं रेटिंग मुख्यतः याच्यासाठी कापलंय.

कोणी जाऊ नये तेही सांगते. लिमिटेड कंपनीवाल्यांना उपयोग नाही, कॉर्पोरेशन टॅक्स, डिव्हिडंड यातलं काही शिकवत नाहीत. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी थोडंसं काही करणाऱ्यांची आवक वर्षाला १,००० पाउंडच्या आत असेल तर ट्रेडिंग अलाउन्समध्ये बसतं, त्यांनी पैसे घालवू नयेत. आणि नुसती तोंडओळख हवी असेल तर एचएमआरसीचे, म्हणजे इथल्या टॅक्स खात्याचे, स्वतःचे वेबिनार आणि यूट्यूबवरचे व्हिडिओ फुकट आहेत, पेमेंट्स ऑन अकाउंटचा तर चांगलाच आहे. फक्त तिथे आपलं इनव्हॉइस समोर ठेवून 'माझं काय' असं विचारता येत नाही, आणि ७० पाउंड त्या विचारण्याचे आहेत.

अकाउंटंट ठेवलेला असला तरी जावं का असं एका मैत्रिणीने विचारलं. मी तर जा म्हणेन. अकाउंटंट रिटर्न भरतो, पण भाव काय सांगायचा, नोंदणी कधी करायची, जानेवारीसाठी किती बाजूला ठेवायचे हे वर्षभर आपल्यालाच ठरवावं लागतं, आणि त्याला नेमकं काय विचारायचं हे कळायलासुद्धा एवढी समज लागतेच.

बॅच सप्टेंबर आणि जानेवारीत असतात. जमलं तर सप्टेंबरची घ्या, ५ ऑक्टोबरच्या आत पहिले दोन शनिवार होतात आणि नोंदणी राहिली असेल तर तेव्हाच उरकता येते, जानेवारीवाल्यांची पहिली डेडलाइन कोर्स संपायच्या आतच येऊन जाते. जाताना स्वतःची दोन-तीन इनव्हॉइसं आणि मागच्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट घेऊन जा, नावं झाकून नेलीत तरी चालतं. मधल्या सुट्टीत सर बसून बघून देतात.